पोटात गोळा आला तरी: दहावीनंतरच्या पहिल्या मुलाखतीची तयारी

तीनेक वर्षांपूर्वी आमच्या शाळेतला एक मुलगा एसपीआय या सैनिकी सेवापूर्व संस्थेची लेखी परीक्षा पास झाला आणि मुलाखतीच्या सरावाला माझ्याकडे आला. 'स्वतःविषयी सांग' म्हटल्याबरोबर तो ताठ उभा राहिला आणि इंग्रजीतली चौदा वाक्यं एका दमात म्हणायला लागला. वडील शेतकरी, आई गृहिणी, छंद वाचन, ध्येय देशसेवा. मान खाली, मुठी आवळलेल्या, कपाळावर घाम. आठव्या वाक्याला अडखळला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मी त्याला थांबवलं आणि विचारलं, "यंदा कांद्याचं रोप कधी टाकलं रे तुमच्याकडे?"

त्याची मान वर आली. रोप ऑक्टोबरात टाकलं होतं, पण परतीच्या पावसानं निम्मं सडलं. मग पुन्हा बी आणलं, पुन्हा टाकलं, त्यामुळे रोपांची लागण जानेवारीत गेली. लागण उशिरा गेली की कांदा पोसायच्या वेळी ऊन तापतं आणि माल बारीक राहतो. बारीक माल कांदाचाळीत ठेवायचा की लगेच विकायचा यावरून वडील आणि काका यांच्यात वाद चाललाय. पाच मिनिटं बोलत होता. घाम तेव्हाही होता, पण माझं तिकडे लक्षच गेलं नाही.

माझं सगळं सांगणं या पाच मिनिटांत आलं. भीती जात नाही. पण भीतीत पाठ केलेलं सगळ्यात आधी गळून पडतं, आणि स्वतः पाहिलेलं, केलेलं, भोगलेलं शेवटपर्यंत टिकतं. म्हणून तयारी भीती घालवण्याची करायची नाही. खरं काय आहे ते शोधायचं आणि ते मोठ्यानं, आपल्या शब्दांत, वेगवेगळ्या माणसांपुढे बोलून ठेवायचं. हे कसं करायचं ते मुलांना 'तू' म्हणूनच सांगते, वर्गात सांगते तसं. आईवडिलांसाठी मध्ये एक भाग वेगळा आहे.

मुलाखत नेमकी कुठे असते

पालकांच्या मनात इथेच गोंधळ असतो. पहिली ते आठवीच्या वयात मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ मनाई करतं. काही अपवाद सोडले तर ही मनाई खासगी शाळांनाही आहे, आणि पहिल्या उल्लंघनाला २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. सैनिक स्कूलचा सहावीचा आणि नववीचा प्रवेश लेखी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणीवर होतो. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजात मात्र आठवीच्या प्रवेशासाठी ४०० गुणांच्या लेखीनंतर ५० गुणांची तोंडी परीक्षा असते.

याचा परिणाम असा की आपल्याकडच्या बहुतेक मुलांना पंधरा-सोळा वर्षांपर्यंत खरी मुलाखत माहीतच नसते. पहिली गाठ पडते ती दहावीनंतर. आमच्या भागातल्या मुलांसाठी ती बहुधा एसपीआयची असते. एसपीआय म्हणजे छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था. महाराष्ट्रातली जास्त मुलं सैन्यात अधिकारी व्हावीत म्हणून राज्य शासनानं १९७७ मध्ये ती सुरू केली. अकरावी-बारावी विज्ञान करता करता तिथे एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची, तयारी होते. मुलींसाठी २०२३ पासून नाशिकला वेगळी संस्था आहे. आधी गणित आणि सामान्य क्षमतेची लेखी परीक्षा, त्यात निवडलेल्यांना मुलाखत. मी उदाहरणं एसपीआयची देते, पण मुलाखत कुठलीही असो, खुर्ची तीच आणि पोटातला गोळाही तोच.

गोळा येतो म्हणजे काय होतं

हे एकदा नीट समजून घे, कारण मुलं घाबरण्यापेक्षा घाबरल्याची लक्षणं बघून जास्त घाबरतात.

समोर काहीतरी महत्त्वाचं आहे असं मेंदूला वाटलं की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून अॅड्रेनॅलिन सुटतं. हृदय जोरात चालतं. रक्त मांड्या-दंडांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार पडतात. लाळ आटते, म्हणून जीभ टाळ्याला चिकटते. पचनाचं काम मंदावतं, म्हणून पोटात गोळा. शंभर मीटरच्या रेषेवर वाकून उभं असताना हेच सगळं होतं. तिथे त्याला कुणी भीती म्हणत नाही, शरीर तयार झालं म्हणतात.

म्हणून 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावत बसू नकोस. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. भाषणाच्या आधी 'मी शांत आहे' असं मोठ्यानं म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्सुकता वाटतेय' असं म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली. कारण सरळ आहे. धडधडणारं हृदय घेऊन 'मी शांत आहे' म्हणणं खोटं वाटतं, आणि उत्सुकतेतही हृदय धडधडतच असतं. आमच्या मुली म्हणतात, 'मॅडम, शर्यतीआधीसारखं होतंय.' मला हे वाक्य फार आवडतं.

दुसरी गोष्ट. तुझं धडधडणं तुला ढोल वाजल्यासारखं ऐकू येतं, समोरच्याला ते ऐकू येत नाही. सॅव्हिट्स्की आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये हे तपासलं. बोलणाऱ्यांना आपण जितके घाबरलेले दिसतो असं वाटत होतं, तितके ते ऐकणाऱ्यांना दिसत नव्हते. आणि ही गोष्ट आधी सांगितली तेव्हा लोक खरोखरच चांगलं बोलले. या वयात तर सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. मुरूम आला तरी अख्ख्या गावाला दिसला असेल असं वाटतं. मुलाखत घेणाऱ्यांनी सकाळपासून किती तरी मुलं पाहिलेली असतात. गार बोटं आणि सुकलेले ओठ त्यांना नवीन नाहीत.

महिनाभर आधी: स्वतःचा अर्ज परक्यासारखा वाच

सुरुवात सामान्य ज्ञानाच्या पुस्तकानं करायची नाही, तू भरलेल्या अर्जानं करायची. त्याची झेरॉक्स काढ आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक शब्दाखाली रेघ मार. नाव, आडनाव, गाव, तालुका, वडिलांचा व्यवसाय, शाळा, छंद, खेळ, बक्षिसं. प्रत्येक रेघ म्हणजे एक दार आहे, आणि ते समोरचा कधीही उघडू शकतो.

छंदात 'वाचन' लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं, कधी वाचलं, त्यातलं काय पटलं नाही, हे सांगता यायला हवं. 'कबड्डी' लिहिलं असेल तर बोनस गुण कधी मिळतो हे विचारतील. मैदानात बचाव करणारे किमान सहा खेळाडू असतील तरच मिळतो, हे कबड्डी खरंच खेळणाऱ्याला झोपेतही सांगता येतं. ज्यानं नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं तो इथे सापडतो. आणि एकदा खोटं सापडलं की पुढची सगळी उत्तरं संशयानं ऐकली जातात. अर्ज अजून दिला नसेल तर जे करत नाहीस ते खोडून टाक. 'गुरं सांभाळतो', 'आईला शिवणकामात मदत करते', 'सायकल दुरुस्त करतो' हे लिहायला लाजू नकोस. त्यावर तू दहा मिनिटं बोलू शकशील.

मग गाव. मुलं संयुक्त राष्ट्रांच्या संस्था पाठ करतात आणि आपल्या तालुक्यातून कोणती नदी वाहते यावर अडतात. एका कागदावर लिहून काढ: नदी, धरण, मुख्य पिकं, बाजार कुठे भरतो, जवळचा किल्ला, पाण्याची अडचण काय, लोक कामासाठी कुठे जातात. आम्ही बागलाणातले. आमच्या तालुक्यातला साल्हेर हा सह्याद्रीतला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये इथे मराठ्यांनी मुघलांना मोकळ्या मैदानात हरवलं, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूदृश्याचे जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यात साल्हेर आहे. बघ, एका किल्ल्यात भूगोल, इतिहास आणि बातमी तिन्ही आले. पण एवढं सांगून थांबू नकोस. तिथे गेल्यावर तुला काय दिसलं, कुठे धाप लागली, पाण्याची टाकी कशी होती, हे सांग. ते कोणत्याही पुस्तकात नाही.

'सैन्यात का यायचंय?' हा प्रश्न येणारच, आणि सगळ्यात जास्त पाठ केलेलं उत्तर याचंच असतं. 'देशसेवा' म्हटलं की पुढचा प्रश्न तयार असतो: 'मग शिक्षक, नर्स, शेतकरी देशसेवा करत नाहीत का?' इथे मुलं गप्प होतात. तुझ्या मनात हा विचार पहिल्यांदा कधी आला तो दिवस आठव. गावातले कुणी सुट्टीवर आले होते? एनसीसीच्या कॅम्पात काही आवडलं? बाहेर पडायचंय, शिस्त आवडते, खेळायला मिळेल, पगाराची खात्री आहे, ही कारणंसुद्धा खरी असतील तर सांग. घराला आधार हवा आहे असं सांगण्यात काही कमीपणा नाही. मात्र निवडलेल्या वाटेची माहिती हवी. जवान आणि अधिकारी यांच्या भरतीत फरक काय, एनडीएची परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, त्यानंतर एसएसबी म्हणजे सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची निवड असते, खडकवासल्याला तीन वर्षं शिकायचं असतं. मुलींनी हेही माहीत करून घ्यावं: २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींना उघडलं, आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली.

ही उत्तरं वहीत पूर्ण वाक्यांत लिहू नकोस. प्रत्येक विषयाला चार-पाच शब्द पुरे. 'रोप सडलं – दुसरं बी – जानेवारी – बारीक माल' एवढंच. पूर्ण वाक्यं लिहिली की ती पाठ होतात, आणि पाठ झाली की चौदा वाक्यांची गाडी पुन्हा रुळावर येते. मग मधला एक डबा घसरला की सगळी गाडी थांबते.

बोलण्याचा सराव: ओळखीच्यांकडून अनोळखी माणसांकडे

बहुतेक घरांत इथेच चूक होते. सराव म्हणजे आरसा, किंवा आईसमोर बसून दहा प्रश्नांची उत्तरं. आरशात माणूस स्वतःचे केस बघतो. आईसमोर भीती वाटतच नाही, मग भीतीत बोलायची सवय कशी लागणार?

भीतीची एकेक पायरी चढायची. पहिल्या आठवड्यात एकट्यानं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड कर आणि ऐक. पहिल्यांदा स्वतःचा आवाज अजिबात आवडणार नाही, तो कुणालाच आवडत नाही. फक्त दोन गोष्टी बघ: वाक्य शेवटपर्यंत ऐकू येतं का, आणि 'म्हणजे' किती वेळा येतं. मग भाऊ-बहीण, मग वर्गातली दोन मुलं. दुसऱ्या आठवड्यात शाळेतले असे शिक्षक निवड जे तुला शिकवत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात गल्लीतले निवृत्त तलाठी, बँकेतले साहेब, दवाखान्यातले डॉक्टर, जो कुणी वीस मिनिटं देईल तो. त्यांना सांग, 'काका, मला मुलाखतीसारखे प्रश्न विचारा, आणि मध्येच तोडा.' खुर्च्या समोरासमोर, टेबल मध्ये, पंखा बंद, मोबाइल बाहेर.

त्याच्या जोडीला रोज एक छोटं काम. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी जाऊन गाडीची वेळ विचार. पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट किती दिवसांत पोहोचेल ते विचार. बँकेत घरचं पासबुक भरून आण. दुकानदाराला वस्तू बदलून देशील का म्हणून विचार. हे मुलाखतीच्या तयारीत मोडत नाही असं वाटेल. पण अनोळखी मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून पूर्ण वाक्य बोलायची सवय इथेच लागते. आमच्याकडे एक मुलगी होती, इतकी हळू बोलायची की पहिल्या बाकावरही ऐकू येत नसे. तिला मी रोज सकाळी मैदानाच्या एका टोकाला उभं करायचे आणि दुसऱ्या टोकावरच्या मैत्रिणीशी बोलायला लावायचे. ओरडायचं नाही, बोलायचं. वीस दिवसांत आवाज पोटातून यायला लागला. त्यासाठी तिला धीराच्या चार गोष्टी ऐकवाव्या लागल्या नाहीत.

मुलांचा या वयात आवाज फुटतो. मध्येच चिरका झाला तर हसून किंवा माफी मागून विषय वाढवू नकोस, घोट घे आणि पुढे बोल. तोतरेपणा किंवा अडखळण्याची सवय असेल तर सुरुवातीलाच एका वाक्यात सांगून टाकणं मला बरं वाटतं: 'सर, मी कधी कधी अडखळतो, मला थोडा वेळ द्या.' लपवण्यात जी ताकद जाते ती वाचते.

भाषेचा प्रश्न

मराठी माध्यमाच्या मुलांची अर्धी भीती इंग्रजीची असते. सूचनापत्रात भाषेविषयी काय लिहिलंय ते वाच, काही लिहिलं नसेल तर फोन करून विचार. इंग्रजीत प्रश्न आला की इंग्रजीतच उत्तर द्यायचं असं मानून बरीच मुलं अर्धी वाक्यं बोलतात. नाव, गाव, शाळा, घर आणि एक आवड एवढं इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, सहज यायला हवं. त्यापुढे अडलं तर 'मे आय एक्सप्लेन इन मराठी, सर?' हे वाक्य आत्मविश्वासानं विचार. ते विचारणं म्हणजे हार नव्हे. चुकीच्या इंग्रजीत तीन शब्द बोलून गप्प बसण्यापेक्षा मराठीत नीट मुद्दा सांगणारा मुलगा लक्षात राहतो, हे मी मुलाखती घेणाऱ्यांकडून ऐकलंय आणि स्वतःही अनुभवलंय.

आईवडिलांसाठी

तुम्ही तुमची काळजी मुलाच्या दप्तरात भरू नका, एवढी एक विनंती आहे. 'घाबरू नकोस' हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकलं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे याची मुलाला खात्री पटते. 'आमच्या घराण्यात पहिला अधिकारी होणार' हे नातेवाइकांच्या फोनवर मुलासमोर बोलू नका. मावसभावाशी तुलना तर नकोच. मुलगी किंवा मुलगा 'मला जमणार नाही' म्हणाला तर लगेच 'जमेल गं' म्हणून विषय बंद करू नका. 'काय जमणार नाही असं वाटतंय?' असं विचारा आणि ऐका. बहुतेक वेळा उत्तर नेमकं असतं: इंग्रजी, उंची, गणितातले कमी गुण, किंवा वडिलांचा व्यवसाय सांगायची लाज. नेमकी गोष्ट कळली की तिच्यावर काम करता येतं.

बरोबर कोणी जायचं हेही मुलाला विचारा. ज्याच्या सोबतीनं त्याला हलकं वाटतं तो जाऊ दे, मग ती आत्या असो की मोठा भाऊ. आणि एसटीत सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारू नका.

एक गोष्ट वेगळी ओळखा. मुलाखतीची धाकधूक आठवड्याभराची असते. पण कित्येक दिवस झोप नाही, उलट्या होतात, शाळा टाळली जाते, छातीत दडपण येऊन श्वास पुरत नाही असं वारंवार होतं, तर तो नुसता मुलाखतीचा प्रश्न नाही. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे.

आदल्या दिवशी

लांबून येत असशील तर शक्यतो आदल्या दिवशीच पोहोच, आणि संध्याकाळी संस्थेच्या फाटकापर्यंत एकदा चालत जाऊन ये. सकाळी पत्ता शोधत धावत येणारी मुलं आत शिरतानाच दमलेली असतात.

फाइल लावून ठेव: बोलावणं आलेलं पत्र, ओळखपत्र, दहावीचं प्रवेशपत्र किंवा गुणपत्रक, डोमिसाइल, बोनाफाइड, खेळाची प्रमाणपत्रं, फोटो. सूचनापत्रातल्या क्रमानं लाव, म्हणजे मागितलं की उलटापालट होत नाही. मूळ प्रत आणि झेरॉक्स वेगवेगळ्या कप्प्यांत. कपडे धुतलेले, इस्त्रीचे, आणि आधी दोनदा घातलेले. नवे बूट नकोत, नव्या बुटानं टाच सोलली की अर्धं लक्ष तिथेच राहतं. मुलींनी पॅड बरोबर ठेवावेत, तारीख जवळ नसली तरी. ताणामुळे तारीख पुढेमागे होते.

रात्री बाहेरचं चमचमीत नको. झोप लागली नाही तरी पडून राहा, एका रात्रीच्या कमी झोपेनं मुलाखत बिघडत नाही. झोप येत नाही म्हणून मोबाइल उघडलास तर मात्र पहाट होईल.

सकाळी आणि बाहेरच्या बाकावर

पोहे, उपमा, पोळी-भाजी, घरी जे खातोस ते खा. काहीच जात नसेल तर केळं आणि दूध. एरवी चहा घेत नसशील तर आज नको, कॉफी तर नकोच. धडधड आधीच पुरेशी आहे.

निघायच्या आधी दहा मिनिटं कागद घे आणि मनात जी जी भीती आहे ती लिहून काढ. 'नाव विसरलो तर', 'रडू आलं तर', 'बाबांना वाईट वाटेल', जे असेल ते. शिकागोच्या रामिरेझ आणि बाइलॉक यांनी २०११ मध्ये दाखवलं की परीक्षेच्या तोंडावर असं लिहिणाऱ्या, परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांचे गुण सुधारले. डोक्यात घोळत राहणारी काळजी कागदावर उतरली की विचाराला जागा मिळते. लिहून झालं की फाडून टाक.

बाहेरच्या बाकावर बसलं की दोन सापळे असतात. पहिला, आतून बाहेर आलेल्या मुलाभोवती घोळका करून 'काय विचारलं?' ऐकणं. त्याचे प्रश्न त्याच्या अर्जातले असतात, तुझ्या नाही. दुसरा, शेजारच्याशी तुलना. तो शहरातला, त्याचं इंग्रजी फाडफाड, त्याचे वडील सैन्यात. असू दे.

श्वास असा घे: नाकानं चार मोजेपर्यंत आत, मग हळूहळू सहा ते आठ मोजेपर्यंत बाहेर. पाच-सहा वेळा. बाहेर सोडणं लांब असलं की हृदयाचा वेग उतरतो, सगळं मर्म तिथे आहे. हा प्रकार आदल्या पंधरा दिवसांत रोज करून ठेव, पहिल्यांदाच बाकावर करायला गेलं तर जमत नाही. बोटं गार असतील तर तळहात चोळ. लघवीला जाऊन ये. दोन घोट पाणी. शेजारच्या मुलाशी गावाकडच्या दोन गोष्टी बोल, आवाज मोकळा होतो. तासन् तास गप्प बसून आत गेलं की पहिला शब्द घशातच अडकतो.

आत

दारावर टकटक, परवानगी, नमस्कार. बस म्हटल्यावर बस, आणि 'थँक यू सर'. खुर्चीत पूर्ण मागे टेकून बस, पाय जमिनीवर, हात मांडीवर. फाइल मांडीवर किंवा बाजूला, हातात सुटा कागद धरू नकोस. हात थरथरले तर कुणाला कळत नाही, कागद थरथरला तर सगळ्यांना दिसतो.

पहिल्या उत्तराचा वेग तुझ्या नेहमीच्या बोलण्यापेक्षा हळू ठेव. घाबरल्यावर आपण वेगानं बोलतो आणि ते आपल्याला कळत नाही. तिघं बसले असतील तर ज्यानं विचारलं त्याच्याकडे बघून सुरू कर, मध्ये बाकीच्यांकडे नजर फिरव. डोळ्यांत बघायला जड जातं त्यांनी भुवयांच्या मध्ये बघावं.

आता अडायची वेळ. अडायला होणारच, मुद्दाम अडवलंही जातं, कारण अडल्यावर तू काय करतोस किंवा करतेस हेच त्यांना बघायचं असतं. तीन वाक्यं तोंडात बसवून ठेव:

'सर, प्रश्न नीट समजला नाही, पुन्हा सांगाल का?'

'एक क्षण विचार करून सांगू का?' यानंतर खरंच पाच सेकंद थांब. ती पाच सेकंदं तुला पाच मिनिटांसारखी वाटतील, त्यांना नाही.

'मला माहीत नाही, सर.' एवढंच. मान खाली घालून नाही, चाचरत नाही, तीन वेळा सॉरी म्हणून नाही. माहीत नसताना ठोकून दिलेलं उत्तर समोरच्याला लगेच कळतं. मात्र थोडं माहीत असेल तर तेवढं सांग: 'नेमकं वर्ष आठवत नाही, पण ही घटना कशी झाली ते सांगू शकते.'

डोकं एकदम कोरं झालं तर पायाची बोटं बुटात आवळून सोड, एक लांब श्वास बाहेर टाक, आणि प्रश्न स्वतःच्या शब्दांत मोठ्यानं म्हण. 'तुम्ही विचारलंत की आमच्या गावात पाण्याची अडचण का आहे.' हे म्हणेपर्यंत उत्तराचं पहिलं टोक हाताला लागतं. डोळ्यांत पाणी आलं तर रुमालानं पूस, घोट घे, बोलत राहा. दोन मिनिटांत सावरून पुन्हा नीट बोलणाऱ्या मुलीला मी अपयशी म्हणणार नाही.

कधी ते मुद्दाम खोडून काढतात: 'तुझे गणिताचे गुण बघता तुला हे जमेलसं वाटत नाही.' इथे राग किंवा शरणागती दोन्ही नको. 'भूमितीत कमी पडले, सर. सुट्टीत रोज सकाळी तोच भाग करतोय.' हे खरं असेल तरच म्हण, कारण पुढचा प्रश्न भूमितीचा असेल. 'निवड झाली नाही तर?' याला मुलं 'होणारच सर' म्हणतात. खरं उत्तर जास्त भक्कम असतं: अकरावी विज्ञानाला गावातच प्रवेश घेईन, बारावीत असताना एनडीएची परीक्षा देता येते, ती देईन. म्हणून अकरावीचा ऑनलाइन अर्ज वेळेत भरून ठेवायलाच हवा.

उठताना आभार, खुर्ची सरळ, दार हळू लाव. चुकलेलं उत्तर दारातून वळून दुरुस्त करू नकोस.

बाहेर आल्यावर

पहिला तास कुणी काही विचारू नये. आईवडिलांनी 'भूक लागलीय का?' एवढंच विचारावं आणि खायला न्यावं. या तासात मुलाला फक्त चुका आठवतात, सगळी चांगली उत्तरं पुसली जातात, आणि त्याच वेळी खोदून विचारलं की चुकाच पक्क्या होतात.

पोट भरल्यावर, परतीच्या गाडीत, वहीत प्रश्न उतरवून काढ, जसे विचारले तसे. कुठे अडलं तिथे फुली, कुठे बोलताना मजा आली तिथे टिक. आमच्या शाळेत अशा पानांची एक जाड फाइल झाली आहे, पुढच्या वर्षीची मुलं ती वाचतात. त्या कांद्याच्या मुलाच्या पानावर अकरा प्रश्न आहेत. चार फुल्या आहेत. सातव्या प्रश्नासमोर त्यानं टिक केली आहे आणि कंसात लिहिलंय: 'चाळीतला कांदा का सडतो, हे सरांनाच मी समजावून सांगितलं.'